पिसाची गरी, खाडीचा राजा

*ट्रेकिंग झालं, राफ्टिंग झालं, बायकिंगही झालं. आता वीकेण्डला काहीतरी हटके हवंय? मग पेण-रोह्याच्या खाडीत फ्लाय रॉड घेऊन उतरा. समोर असेल जिताडा. तो पट्कन हाती लागणार नाही, आणि मजा त्यातच आहे!*

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन, शनिवारी मॉल, रविवारी दुपारपर्यंत झोप. या चक्राचा कंटाळा आला की आपल्यातले बरेच जण गाडी काढतात आणि गोवा हायवेला लागतात. पेणला थांबून चहा, पापड-पोह्यांची खरेदी, कोलाडला राफ्टिंग, रात्री कॅम्पफायर आणि परत. हा बेत वाईट नाही, पण या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे पाणी दिसतं त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. पेणजवळची भोगावती, पुढे नागोठण्याची अंबा, रोह्याची कुंडलिका. या नद्या खाडीला मिळतात तिथे एक असा मासा राहतो, ज्याच्यासाठी जगभरातले अँगलर्स हजारो डॉलर खर्चून ऑस्ट्रेलियाला जातात. तिकडे त्याला म्हणतात बॅरामंडी. आपल्याकडे तो जिताडा!

हो, तोच तो. खारेपाटातल्या लग्नात, पाहुणचारात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो. साहेबाच्या घरी जिताडा पोचला की अडलेली फाइल हलते, असं रायगडात गमतीनं सांगतात. गोव्यात हाच चोणक, बंगालमध्ये भेटकी. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर, १७९० पासून नोंदलेलं. आपण त्याला ओळखतो तो ताटातून. रॉडच्या टोकाला त्याची ओळख अगदी वेगळी असते.

आधी फण्डा क्लिअर करू

मासेमारी आपल्याला नवी नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरातल्या पोराला कुणी ‘अँगलिंग’ शिकवत नाही. तो ‘गरवायला’ जातो. दोऱ्याला गरी, गरीला कोळंबी, बस्स. शिवाय पाग फेकणारे, जाळी लावणारे, निवट्यांसाठी चिखलात उतरणारे वेगळेच. फ्लाय फिशिंग हा याच कुटुंबातला, जरा नखरेल चुलतभाऊ.

फरक कुठे? साध्या गळात शिशाचं वजन असतं, ते हवेत भिरकावलं की दोरा त्याच्या मागे जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खरं नसतंच. गरीवर पिसं, केस, दोरा, चमकी बांधून किडा किंवा छोटा मासा तयार केलेला असतो. हीच ती ‘फ्लाय’. तिला वजन जवळपास नाहीच. मग ती वीस मीटर जाणार कशी? उत्तर आहे लाइन. फ्लाय लाइन जाडसर आणि वजनदार असते. रॉडने ती लाइन मागे उलगडायची, मग पुढे उलगडायची, आणि तिच्या शेवटाला असलेली फ्लाय अलगद पाण्यावर टेकते. थोडक्यात, इथे तुम्ही आमिष फेकत नाही, दोरी फेकता.

आयडिया जुनी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गरीला बांधून मासे पकडणाऱ्यांचं वर्णन केलंय. १६५३ मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ आलं आणि मासे पकडणं हा जंटलमन लोकांचा छंद झाला. साहेब इथे आला तेव्हा रॉडही घेऊन आला. हेन्री सलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चं. त्यातला हीरो होता महसीर. पुढे १९४८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेही महसीरच्या शिकारीवर मॅकडोनल्डचं पुस्तक काढलं. मुंबईत पवई तलावाच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. म्हणजे हा छंद ‘फॉरेन’चा वाटला तरी आपल्या दारात कधीचा येऊन बसलाय.

आणखी एक गंमत. ब्रिटनमधल्या सामन माशाच्या क्लासिक फ्लायमध्ये एक पीस मानाचं समजलं जायचं. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं! आज या पक्ष्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा त्या पिसाचा मोह नको. पाळीव कोंबड्याचं पीस आणि सिंथेटिक केस मस्त काम करतात.

कुंडलिकेत पाणी कुठलं?

आता रोह्याकडे वळू. कोलाडला राफ्टिंग करताना तुम्हाला प्रश्न पडलाय का, की भर मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत असताना, या नदीला एवढं पाणी येतं कुठून? ते पाणी घाटावरचं आहे. मुळा नदीवर मुळशीला टाटांनी धरण बांधलं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभा केला तेच हे धरण. त्याचं पाणी पाइपातून सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला उतरतं, वीज तयार करतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. म्हणजे जे पाणी एरवी पुण्यावरून, भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

माशांच्या दृष्टीने यात एक मजेदार धागा आहे. दख्खनच्या महसीरचं, म्हणजे टॉर खुद्रीचं, पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं, आणि मासा मिळाला होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेत. त्याच मुळेचं पाणी आज कुंडलिकेत वाहतं. नद्यांवर धरणं झाली, पाणी घाण झालं, महसीर कमी झाला. तेव्हा टाटा पॉवरने १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी त्याची हॅचरी सुरू केली. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे कृत्रिम प्रजननाची पद्धत बसवली. तिथली पिल्लं देशभरातल्या पाण्यांत पोचली. अँगलरच्या जगात ही दोन मराठी नावं आदराने घेतली जावीत अशीच आहेत.

भिरा ते कोलाडचा पट्टा फ्लाय फिशिंग शिकायला छान आहे. पाणी वाहतं, बऱ्यापैकी स्वच्छ, काठावर झाडी. इथे अडीच किलोच्या माशाची स्वप्नं नकोत. हलक्या रॉडवर बोटभर-वीतभर मासे धरा आणि सोडा. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या नदीचं पाणी वीजघराच्या वेळापत्रकावर चालतं. टर्बाइन सुरू झालं की कोरडा वाटणारा खडक थोड्या वेळात पाण्याखाली जातो. म्हणून राफ्टिंगच्या लोकांना आधी विचारा, पाणी कधी सुटतं. आणि नदीच्या मधल्या खडकावर बूड टेकून सेल्फी काढत बसू नका.

खारेपाटाचा हीरो

खरी लढत मात्र खाली, खाऱ्या पाण्यात. पेण, वडखळ, अलिबागचा हा पट्टा म्हणजे खारेपाट. समुद्राचं पाणी अडवायला मातीचे बांध, बांधांना उघाड्या, आत भातशेती आणि जवळपास प्रत्येक गावात तळी. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं गोळा करायची, घरामागच्या तळ्यात सोडायची, छोट्या माशांवर वाढवायची आणि उन्हाळ्यात, लग्नसराईत बाहेर काढायची. ही इथली परंपरा. आजच्या भाषेत अ‍ॅक्वाकल्चर! चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन जमवलं आणि हॅचरीचं बी मिळायला लागलं. खारेपाटातल्या शेतकऱ्याने त्याच्या कितीतरी आधीपासून जिताडा पाळलेला होता.

जिताड्याचा स्वभाव समजून घेतला की अर्धी बाजी मारली. हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. पाठलाग करत नाही. खारफुटीच्या मुळांत, पडलेल्या ओंडक्याआड, पुलाच्या खांबाच्या सावलीत, उघाडीच्या तोंडाशी तो निवांत उभा असतो. बोयटाचं पिल्लू किंवा कोळंबी समोरून गेली की जबडा उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो. त्या वेळी ‘बुफ्’ असा आवाज येतो. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्या शनिवारीही खाडीवर असतो, हे लिहून घ्या. गरी लागल्यावर तो पाण्याबाहेर उडी मारतो, डोकं झटकतो, आणि तुमची लाइन घेऊन सरळ मुळांत घुसतो. किती मोठा होतो? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या लेक मंडुरनमध्ये पकडलेला एक बॅरामंडी ४४.६४ किलोचा होता. आपल्या खाडीत दोन-तीन किलोचा लागला तरी हात थरथरतात.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये तर २०१५ पासून सरकारी पाठबळावर एक स्पर्धा चालते. खुणेची चिठ्ठी लावलेले बॅरामंडी नद्यांमध्ये सोडतात. त्यातल्या ठराविक माशांवर दहा लाख डॉलरचं बक्षीस! विचार करा, आपण ज्याला कालवणात बघतो त्याच्यासाठी तिकडे लोक लॉटरी खेळल्यासारखे नदीकाठी बसतात.

कॅलेंडर बघा, फोन नको

खाडीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. अ‍ॅपवर वेळा मिळतात, पण आपल्या आजोबांकडे त्याहून सोपा फॉर्म्युला होता. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसात दोनदा भरती, मधे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरा. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर इतक्या कामाचं असेल असं वाटलं नव्हतं ना?

आता कोणता दिवस निवडायचा? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाण्याला जोर भयंकर, गाळ ढवळला जातो, पाणी चहासारखं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी शांत, जरा निवळ. फ्लाय डोळ्यांनी दिसली तर मासा घेणार, त्यामुळे फ्लायवाल्यांनी भांगाचे दिवस बघावेत. धरमतरच्या खाडीचं पाणी मुळातच गढूळ. इथे फ्लायने जिताडा पकडणं ऑस्ट्रेलियाच्या निळ्याशार पाण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून जागा नेमकी हवी. ओहोटी सुरू झाली की छोट्या नाल्यांमधून पाणी खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि पिल्लं बाहेर येतात, आणि नाल्याच्या तोंडाशी जिताडा जेवायला उभा राहतो. पहिले दीड-दोन तास सोडू नका.

सीझन? थंडीत पाणी गार झालं की जिताडा आळसावतो. एप्रिल-मे आणि पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. पहिल्या पावसात मात्र रॉड घरीच ठेवा. तेव्हा वलगण असते. अंडी घालायला मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात आणि गावकरी कंदील-बॅटऱ्या घेऊन त्यांच्या मागे. ती गावाची जुनी रीत आहे, तिच्याबद्दल गावाने ठरवावं. आपण शहरातून जाऊन अंड्यावरच्या माशांमागे लागायचं काही कारण नाही.

किटमध्ये काय काय?

*रॉड.* फ्लाय रॉडला नंबर असतात. नंबर म्हणजे तो किती वजनाची लाइन फेकू शकतो. शिकायला, चिलापीसारख्या छोट्या माशांना ५ नंबर. जिताड्याला ८ किंवा ९. लांबी ९ फूट. चार तुकड्यांत सुटणारा घ्या, दिवा-रोहा गाडीच्या गर्दीतही बॅगेत मावतो.

*रीळ.* छोट्या माशाला रीळ म्हणजे फक्त दोरी ठेवायची डबी. जिताड्याला मात्र चांगला ड्रॅग, म्हणजे ब्रेक हवा. खाऱ्या पाण्याला टिकणारं घ्या आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. नाहीतर दोन महिन्यांत गंजून जाम.

*लाइन.* वेट-फॉरवर्ड, तरंगणारी. रॉडचा नंबर आणि लाइनचा नंबर एकच हवा. नवशिक्यांची निम्मी रड इथेच असते.

*लीडर.* लाइनच्या पुढचा पारदर्शक दोरा. शेवटी वीत-दीड वीत जाड, ४० पौंडाचा तुकडा बांधा. जिताड्याचा जबडा खरखरीत कानशीसारखा असतो, बारीक दोरा घासून तुटतो.

*फ्लाय.* दोन पुरेत. अमेरिकेच्या लेफ्टी क्रेहने १९५० च्या दशकात बनवलेली ‘डिसीव्हर’ आणि बॉब क्लाउझरची १९८० च्या दशकातली ‘क्लाउझर मिनो’. दोन्ही छोट्या माशाची नक्कल करतात. गढूळ पाण्यात काळी-जांभळी किंवा भडक पिवळी वापरा. स्वतः बांधायला शिकलात तर अजून भारी. रात्री टीव्हीसमोर बसून फ्लाय बांधणं हे ऑफिसच्या टेन्शनवर रामबाण आहे.

*बाकी.* पोलराइज्ड गॉगल आणि टोपी (स्टाइलसाठी नाही, स्वतःचीच गरी डोळ्यात जाऊ नये म्हणून), पक्कड, जाड तळव्याचे बूट (कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात), पाणी, आणि होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट.

पैशांचं म्हणाल तर सगळा सुरुवातीचा सेट चांगल्या मोबाइलपेक्षा स्वस्तात होतो. १८५६ पासून चालत आलेल्या ऑर्विससारख्या ब्रँडच्या रॉडकडे नंतर बघा. आधी हात बसू द्या.

गच्चीवरचा क्लास

कास्टिंग पाण्यावर शिकायचं नसतं. सोसायटीची गच्ची किंवा मैदान बघा. फ्लायऐवजी लोकरीचा गोंडा बांधा. वॉचमन विचित्र नजरेने बघेल, बघू दे. रॉडला घड्याळाचा काटा समजा. पुढे १० वाजता थांबा, मागे २ वाजता थांबा. ‘थांबा’ हा शब्द महत्त्वाचा. मागे नेल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर वाट बघायची आणि मगच पुढे. ही क्षणभराची वाट आपल्याला जमत नाही. सगळं ‘एएसएपी’ करायची सवय ना! घाई केली की लाइनचा गुंता, आणि मागे चाबकासारखा आवाज. ताकद जास्त लावणारे जिममधले गडी इथे हमखास हरतात.

मागे झाडं असतील तर रोल कास्ट शिका. त्यात लाइन मागे नेतच नाहीत, पाण्यावरूनच गोल उलगडतात. खारफुटीच्या काठावर हाच तारतो. आणि वर वीजेच्या तारा असतील तर रॉड उघडूच नका. ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज वाहते.

मासा लागल्यावर नवशिक्याची पहिली प्रतिक्रिया म्हणजे रॉड वर खेचणे. हिमाचलच्या ट्राउटला हे चालतं. जिताड्याच्या कडक तोंडात गरी अशी रुतत नाही. रॉड पाण्याकडेच ठेवा आणि डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढा. गरी बसली की मगच रॉड उचला. आणि पहिले दहा सेकंद त्याला मुळांकडे जाऊ देऊ नका. तिथे गेला की गेला.

सोडायचा की खायचा?

आता महत्त्वाचा प्रश्न. अँगलिंगच्या जगात ‘कॅच अँड रिलीज’चा नियम आहे. पकडा, फोटो काढा, सोडून द्या. खाडीकाठच्या माणसाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडे असा बघेल की बस. एवढा जिताडा पकडला आणि सोडला? त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. त्याच्यासाठी तो मासा म्हणजे घरखर्च आहे. आपल्यासाठी तो शनिवार आहे.

पण जिताड्याच्या बाबतीत एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. हा मासा नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी मादी बनतो. म्हणजे लहान-मध्यम मासे बहुतेक नर, आणि खूप मोठे मासे बहुतेक माद्या, लाखो अंडी घालणाऱ्या. आपण ज्याच्याबरोबर फोटो काढून फुशारकी मारतो तो दहा-बारा किलोचा ‘राजा’ प्रत्यक्षात राणी असते! क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच दोन्हीकडून मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही नाही. आपल्याकडे उलटं. जितका मोठा, तितका मान मोठा, भाव मोठा.

त्यात जिताड्याचं आयुष्य नदी आणि समुद्र दोन्हींवर चालतं. अंडी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं वाढायला खारफुटीत, पाणथळीत आणि जमेल तिथे वर गोड्या पाण्यात येतात. यातली एक कडी तुटली की सगळं संपलं. आता नकाशा समोर घ्या. कुंडलिकेच्या काठी रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, रासायनिक कारखाने. कुंडलिकेचा खालचा भाग प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत आलेला आहे. धरमतरच्या खाडीत कारखान्यांच्या जेट्ट्या, बार्जची ये-जा. बांध फुटले की शेतात खारं पाणी, भराव पडले की खारफुटी आणि तळी दोन्ही जाणार. २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची का यावर जनमत घेतलं गेलं. हेटवणे धरणाचं पाणी आपल्या शेतीला मिळावं अशी मागणी असलेले हे शेतकरी जमीन द्यायला तयार नव्हते. त्या वेळी बातम्या जमिनीच्या होत्या. पण खारेपाटात जमीन, पाणी आणि मासा या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

मग शनिवारी रॉड घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्याने काय करायचं? तीन सोप्या गोष्टी.

एक, खायचा असेल तर तळ्यातला खा. खारेपाटात तळेवाल्याशी आधी बोला, मासा गरवून काढायची परवानगी मागा आणि किलोच्या भावाने पैसे द्या. त्याचं उत्पन्न, तुमची प्रॅक्टिस, आणि रात्रीचं कालवण. खाडीतला लहान आणि खूप मोठा, दोन्ही सोडा.

दोन, सोडायचा तर नीट सोडा. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका. हात ओले करून मासा धरा. कल्ल्यात बोटं घालू नका, त्याची झाकणं धारदार असतात. तुमचंही रक्त निघेल. चिखलावर आपटू नका. पोटाखाली हात देऊन आडवा धरा, एक फोटो, आणि पाण्यात. तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपूट हलली की तो स्वतःच निघून जाईल.

तीन, डोळे उघडे ठेवा. पाण्याचा रंग बदलला, फेस आला, मेलेले मासे तरंगताना दिसले की फोटो, वेळ, जागा नोंदवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. कोळी बांधव हे वर्षानुवर्षं सांगतायत. त्यांच्या आवाजात शहरातल्या शंभर मेल्सची भर पडली तर फरक पडेल. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं गेलं. जिताड्याला किताब नकोय, स्वच्छ खाडी हवीय.

जायचं कसं, विचारायचं कुणाला?

दिव्याहून पेणमार्गे रोह्याला गाडी आहे. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच सुरू होतो. स्वतःची गाडी असेल तर जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, दक्षिण मुंबईकरांचा बराच वेळ वाचतो. पहाटेची भरती गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम करा.

धरण-तलावांमधल्या मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गरी टाकू नका. खाडीवर जाताना गावातल्या एखाद्या होडीवाल्या दादांना दिवसाचे पैसे देऊन सोबत घ्या. कुठे चिखल कंबरेपर्यंत खेचतो, कुठे कुणाचं जाळं आहे, कुठल्या उघाडीवर काल आवाज झाला, हे त्यांना पाठ असतं. लावलेल्या जाळ्याच्या जवळ कास्ट करायची नाही, हा इथला पहिला आणि शेवटचा शिष्टाचार. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढे दिवस तुम्हीही फ्लाय बांधत घरी बसा.

आणि हो, पहिल्या ट्रिपला जिताडा लागणार नाही. दुसऱ्यालाही बहुधा नाही. शिंगाळा लागेल, एखादा तांबोशी नशिबात असेल, नाहीतर लाइन खारफुटीत अडकेल आणि दादा हसतील. त्यांना एक कास्ट करायला द्या. पाग फेकणाऱ्या हाताला लय कळायला फार वेळ लागत नाही, आणि तुम्हाला गच्चीवर महिनाभर न जमलेली गोष्ट समोर बघायला मिळेल. मग त्यांच्याकडून गरवायला शिका. सौदा बरोबरीचा आहे.